पंचेचाळीस अंशांचा कोन

माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक राक्षसी जबडा आहे आणि त्याला शोभेल असा हातभर ब्रश. पंधरा वर्षं मी त्या जबड्याला साक्षी ठेवून प्रवचन दिलं. "ब्रश हिरडीकडे तिरपा धरायचा. पंचेचाळीस अंशांत!" 'अंशांत' म्हणताना माझा आवाज खर्जात उतरतो, असं बायको म्हणते. पेशंट कधी म्हणाले नाहीत, कारण त्यांच्या तोंडात कापूस असायचा. श्रोत्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशी सभा पुढाऱ्यांच्या नशिबातही नसते.

तसं चोपड्यात दाताचा दवाखाना टाकणं हेच धाडस. इथलं केळ खायला दात लागत नाहीत, भरीत गिळायलाही नाहीत. तरी लासूर, अडावद, धानोऱ्याहून माणसं येतात, प्रवचन ऐकतात, मान डोलवतात आणि सहा महिन्यांनी तेच दात घेऊन परत येतात.

मान डोलवण्यात लासूरकडच्या एक आजी पहिल्या नंबरात. त्यांचं दैवत मिसरी. आता मिसरीचं नाव निघालंच आहे, तर थोडं थांबावं लागेल. तंबाखूचं पान तव्यावर काळंठिक्कर होईपर्यंत भाजायचं. घरचे खोकतात, गल्ली शिंकते, मांजर शेजारी राहायला जातं. मग चुरा, मग वस्त्रगाळ पूड, मग डबी. डबीला झाकण असं हवं की उघडताना 'टक्' वाजेल. त्या आवाजावरून सून ओळखते, सासूबाई उठल्या. मग उजव्या हाताची तर्जनी. ती पुडीत बुडते, हिरडीवरून सावकाश फिरते, पुन्हा बुडते. डोळे अर्धे मिटलेले. मी कॉलेजात पाच वर्षं ब्रशिंग शिकलो, पण इतक्या तन्मयतेने दात घासणारा एकही प्राध्यापक पाहिला नाही. दोन मिनिटं घासा म्हणून मी लोकांच्या हातापाया पडतो. आजींची पंधरा मिनिटं सहज होतात. फक्त त्या पंधरा मिनिटांत हिरडीला तंबाखू मिळते, एवढंच.

तर एकदा मलाच माठातलं पाणी झोंबायला लागलं. जळगावला वर्गमित्राकडे गेलो. त्याने आरसा घातला. डावीकडच्या दातांच्या मानेवर, हिरडीलगत, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारख्या खाचा. "कसा घासतोस, दाखव बरं." मी दाखवलं. करपलेलं पातेलं घासावं तसं, आडवं, दात ओठ खाऊन. कोन विचाराल तर शून्य अंश. तो हसला नाही. म्हणाला, "सकाळी घाई होते का रे?" एवढ्यावर माझा गळा दाटून आला. पंधरा वर्षांत मी हे कुणाला विचारलं नव्हतं.

मित्राची ही बोलण्याची रीत विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या पेशंटसाठी मांडली होती: उपदेश कमी, विचारणं जास्त, आणि बदलाचं कारण पेशंटच्याच तोंडून येऊ द्यायचं. माझा लाडका कोन ज्यांच्या नावाने चालतो ते चार्ल्स बास तर दंतवैद्यही नव्हते, हिवतापावर काम केलेले डॉक्टर. म्हणजे माझ्या धंद्यातलं शहाणपण सगळं बाहेरचं. माझा स्वतःचा फक्त खर्ज.

पुढच्या खेपेला आजींना विचारलं, "माय, मिसरी लावता तेव्हा कसं वाटतं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, नवीन लग्न झालेलं असताना दाढ ठणकली, तेव्हा सासूने बोटाला लावून दिली होती. तेव्हापासून पहाटे ओट्यावर बसते. तोंडात मिसरी असली की कुणी हाक मारत नाही. तेवढीच वेळ.

अख्ख्या दिवसातली तेवढीच वेळ, आणि मी ती 'घाणेरडी सवय' म्हणून काढून घ्यायला निघालो होतो. मला दुसरी एक बाई आठवली. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. सुनेदेखत मी तिला झाप झाप झापलं होतं. घाबरवलं की माणूस सुधारतो, अशी माझी समजूत. ती पुन्हा आली नाही. अशा चट्ट्यावर पुढेही नजर ठेवायची असते. माझ्या आवाजाने ती संधीच घालवली.

आजींच्या हातात मऊ ब्रश दिला, समोर आरसा धरला. "ओट्यावर बसता तस्संच बसा. तोंडात ब्रश असला तरी कुणी हाक मारणार नाही. आधी रात्रीचा करून बघायचा का?" प्लॅस्टिकचा जबडा मी टेबलाखाली सरकवला होता. आजींनी ब्रश हळूच टेकवला. बोटाच्या सवयीने तो आपसूक तिरपा झाला. कोन मी मोजला नाही. म्हणजे, मनात मोजला. चाळीस-पंचेचाळीस असेल.

मग ब्रश बाहेर काढून त्यांनी विचारलं, "तू रातले रोज करस का रे भाऊ?"

दवाखान्यात शांतता. कंपाउंडरनेही कान टवकारले.

"राहतो कधी कधी," मी म्हटलं.

आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हई जाई, हळूहळू व्हई जाई."