हातचा न घेणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या पाहिली की हौशी लोक टाळ्या वाजवतात आणि गणितज्ञ नाक मुरडतात. माझ्या मते दोघांचंही चुकतं, पण नाक मुरडणाऱ्यांचं जरा जास्त. सतरा अंकी ऐवज आहे: एकापासून नऊपर्यंत चढायचं, वर दम न खाता तितक्याच शिस्तीने उतरायचं. उलटी वाचा, तीच. शिवाय हा पूर्ण वर्ग. नऊ एक ओळीने उभे करून १११११११११ ला त्यानेच गुणलं की झालं. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने निःशेष भागही जातो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी असल्या संख्यांना ‘डेम्लो’ हे एका रेल्वे स्टेशनाचं नाव दिलं. त्यांच्याही हजारेक वर्षं आधी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त हिची धाकटी बहीण १२३४५६५४३२१ नोंदवून ठेवली होती. म्हणजे नाद जुना आहे.

नाक मुरडणाऱ्यांचे पुढारी जी. एच. हार्डी. त्यांनी १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त ८७१२ आणि ९८०१ यांचा जाहीर पंचनामा केला. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा निकाल. त्याच न्यायाने आमच्या सतरा अंकांवरही आरोप येतो, की ही करामत संख्येची नव्हेच, आपल्या दहा बोटांची आहे. पण गुणाकार कागदावर मांडून पाहा. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर सरकलेली. उभ्या रांगांत एक, दोन, तीन असे एक जमत मधल्या रांगेत नऊ होतात आणि पुन्हा ओसरतात. बेरीज नऊच्या वर जातच नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. एवढंच रहस्य. दहाचं काम नऊला एका घरात मावू देण्यापुरतं. बारा बोटांच्या प्राण्याने बाराच्या पद्धतीत नऊ एकांचा वर्ग केला तर त्याच्याही कागदावर हेच सतरा अंक उमटतील. अडेल ते आठ बोटांवाल्याचं.

मग हा गुण मांडणीचा, संख्येचा नव्हे, असं कुणी म्हणेल. कबूल. कुठल्याही पद्धतीत न बदलणारा, अस्सल गुण हवा असेल तर आपली ही संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. वाजवा टाळ्या!

टाळीवाल्यांचं चुकतं ते हावेपायी. नऊ एकांनी एवढं दिलं, तर दहा किती देतील? दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दोन शून्यं, आणि चढतानाचा आठ बेपत्ता. मधल्या रांगेत दहा जमले, हातचा शेजारी गेला. तिथल्या नऊचे दहा झाले, त्यानेही तो पुढे ढकलला. आठाने तो मुकाट्याने घेतला आणि नऊ होऊन बसला. उतरणीवरच्या अंकांना मात्र काडीची तोशीस नाही. हातचा नेहमी डावीकडच्यांच्याच गळ्यात पडतो.