मास्तरही तीच, पदरही तिचाच

"काय गं, समोरच्यांचा धाकटा आजही घरीच? ताप-बीप आलाय का?"

"ताप कसला काकू! शाळाच सोडवलीय त्याची. जूनपासून आईच शिकवते घरी."

"अगं बाई!"

"परवा विरजण मागायला गेले, तर हा ओट्याशी मटार सोलत उभा आणि ती कणीक मळता मळता विचारतेय, 'पाऊण वाटीच्या निम्मं किती?' तो म्हणाला, पाव. झालं! ही भडकली, तो रडला, सासूबाई माजघरातून ओरडल्या, 'पोराला सुखानं दोन घास तरी खाऊ दे!'"

"आम्ही मास्तरांचा मार खाऊन आईच्या पदराआड तरी जायचो. इथं मास्तरही तीच, पदरही तिचाच. पोरानं जावं कुठं?"

"म्हणून आता वाटणी केलीय. मराठी वाचन आजीकडे. तेव्हापासून म्हातारीची कुरकुर बंद. गणित बाबांकडे, ऑफिसला जायच्या आधी. आणि दुपारी जेवणं झाली की वहीला हात लावायचा नाही."

"आणि थोरली?"

"खरी ठिणगी तिथंच! तिला पहाटे सहाला उठून रिक्षा गाठायची, हा आठपर्यंत लोळणार. वर 'आई दिवसभर त्याचीच' म्हणून फुरंगटते. आता शनिवारी आई तिला एकटीलाच घेऊन तुळशीबागेत जाते."

"शहाणी आहे हो. पण कायद्याचं काय?"

"२००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. त्यात घरी शिकवण्याबद्दल धड काहीच लिहिलेलं नाही. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देणार म्हणे. १४ पूर्ण हवीत, विषय ५, आणि ५ वर्षांत ९ वेळा बसता येतं."

"९ वेळा? आमच्या ह्यांना पुरलं असतं!"

"शिवाय मुंबईच्या त्या मालविका जोशीचा दाखला देतात. दहावी-बारावी न करता २०१६ साली अमेरिकेत एमआयटीला गेली ती."

"अगं, तिच्याकडे संगणक ऑलिंपियाडची पदकं होती! ते कुणी सांगत नाही. शेजारच्या पोराला कशाला तिच्या पंगतीला बसवायचं? शिकेल तो त्याच्या चालीनं. तिला फक्त माझा निरोप दे: भूगोल शिकव, विज्ञान शिकव, गणिताला मात्र आईनं हात लावू नये."