तात्यांना वर्णद्वेष खपत नाही

तात्यांना वर्णद्वेष अजिबात खपत नाही. फक्त तो परदेशात झालेला असावा आणि आपल्या माणसावर झालेला असावा, एवढ्या दोन अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या की तात्या कप बशीत आपटतात आणि म्हणतात, "गोऱ्याचा माज काय जाईना अजून!"

पुण्याहून येताना नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि लागलीच शिरवळ. महामार्ग चौपदरी झाला, मग सहापदरी व्हायला लागला, कडेनं कारखाने आले. दर खेपेला तात्यांची थोडी जमीन गेली आणि खुर्ची थोडी रुंद झाली. आलेल्या पैशातून त्यांनी खोल्या बांधल्या. दहा बाय दहा, पुढं ओटा, मागं सगळ्यांत मिळून एक मोरी. गोदरेजपासून पत्र्याच्या शेडमधल्या वर्कशॉपपर्यंत जिथं म्हणून पाळ्या चालतात तिथली माणसं खोली शोधत तात्यांच्या ओट्याशी येतात. अधूनमधून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातलं एखादं पोरगंही येतं. कंपनीतली मुलाखत बरी, असं त्यांना वाटायला लावणारी मुलाखत मग तात्या घेतात.

"नाव काय?"

नाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा की."

आडनावावरून उलगडा झाला तर ठीक. नाही झाला तर गाव. गाव कळलं की, "गावात घर कुठल्या अंगाला?" एवढ्यानंही भागलं नाही तर, "पाव्हणं कुनीकडलं?" या प्रश्नातून आजवर कुणी सुटलेलं नाही. जात हा शब्द मात्र तात्या कधी तोंडातून काढत नाहीत. "आपन तसलं काय मानत न्हाय," हे ते मुलाखतीच्या शेवटी आवर्जून सांगतात. त्याला जोडूनच खोली कालच गेली, हेही सांगतात.

2009 साली ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होऊ लागले, पेपर भरून बातम्या आल्या, तेव्हा तात्यांचा पुतण्या मेलबर्नला शिकत होता. एका रात्री चालत्या गाडीतून कुणीतरी त्याच्या अंगावर अंडं फेकलं आणि 'पाकी, आपल्या देशात जा' असं ओरडून गेलं. वाईटच झालं. पोरगं घाबरलं होतं. इकडे तात्या पंधरा दिवस पेटलेले होते. त्यांना सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर ते अंडं नव्हे.

"पाकिस्तानी म्हंतो? आरं, मानूस वळखाय नको का? डोळं हायत का बटणं?"

हे ऐकायला शेवटच्या खोलीतला भाडेकरू उभा होता. तो ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा. तसं त्यानं तात्यांना अनेकदा सांगितलंय, पुढं आधारकार्डही दाखवलंय. तरी तात्यांच्या वहीत तो 'बिहारी' आहे. तात्यांचा भूगोल सुटसुटीत आहे. नीरेपलीकडं पुणं, पुण्यापलीकडं मुंबई, आणि त्याच्या पलीकडं सगळा बिहार. निपाणी ओलांडली की मद्रास. त्याच संध्याकाळी मोरीतल्या पाण्यावरून काहीतरी कुरबूर झाली तेव्हा तात्यांनी त्या गंजामवाल्याला सुनावलं, "जमत नसंल तर जा आपल्या मुलखाला!" अंडं तेवढं फेकलं नाही. अंडी महाग झाली होती.

क्रिकेटात तात्यांचा विचार जास्त खोल जातो. ऑक्टोबर 2007 मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे बघून प्रेक्षकांतल्या काहींनी माकडाच्या नकला केल्या. त्याआधी बडोद्यातही तेच झालं होतं. तात्या म्हणाले, "पब्लिक हाय. मज्जा करनारच. एवढं काय मनावर घ्यायचं?" तीन महिने गेले नाहीत तोवर सिडनी कसोटीत हरभजननं त्याच सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला आणि तीन कसोट्यांची बंदी आली. आता मात्र मनावर घेण्यासारखंच होतं. अपील झालं. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही, असं न्यायमूर्ती हॅन्सन यांनी ठरवलं, बंदी उठली आणि अर्वाच्य बोलल्याबद्दल दंडावर भागलं. आपल्या बाजूचं म्हणणं असं होतं, की तो माकड म्हणालाच नाही, त्यानं हिंदीतून आईवरची शिवी हासडली होती. हे कळल्यावर तात्यांचा जीव भांड्यात पडला. "बघा! म्या म्हनलं नव्हतं? आपलं पोरगं तसलं बोलनारच न्हाय. आईवरनं दिली व्हती फकस्त."

जानेवारी 2021 मध्ये त्याच सिडनीत सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली, खेळ थांबला, सहाजणांना मैदानाबाहेर काढलं. तात्यांचं मत, टीमनं बॅगा भरून घरी यायला पाहिजे होतं. "आपल्या पोराला बोलत्यात!" ते दोन दिवस महंमद सिराज तात्यांचं पोरगं होता. सिराज नावाचं एखादं पोरगं तात्यांच्या ओट्यावर खोली विचारायला आलं असतं, तर खोली किती दिवसांपूर्वी गेलेली असती, याचा अंदाज शिरवळमध्ये कुणीही देईल.

त्याआधीच्या वर्षी डॅरेन सॅमीची तक्रार आली होती. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना सोबतचे आपल्याला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटलं, तगड्या घोड्याला म्हणतात. अर्थ फार उशिरा कळला आणि माणूस दुखावला. तात्यांना हे दुखावणं समजेना. "काळ्याला काळू न्हाय म्हनायचं तर काय पांडू म्हनायचं? प्रेमानं म्हंत्यात." तात्या स्वतः चांगले ठसठशीत काळे आहेत, पण त्यांना प्रेमानं तसं म्हणायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. भाडं त्यांच्याकडे भरायचं असतं.

आमच्या खंडाळा तालुक्यात एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे. तिथं रंगांच्या छटा किती निघतात देव जाणे, तात्यांच्या घरी चारच निघतात. गोरी, निमगोरी, गव्हाळ, आणि 'नाकीडोळी नीटस'. ही शेवटची छटा दुसऱ्याच्या मुलींसाठी. पुतण्याचं लग्न ठरवताना तात्यांनी तीन फोटो परत पाठवले आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पर उन्हातली दिसती." पुतण्या त्या वेळी मेलबर्नमध्ये त्वचेच्या रंगावरून माणूस जोखू नये अशा पाट्या घेतलेल्या मोर्चात चालून आला होता. मुलगी त्यानं निमगोरीच पसंत केली.

तात्या नुसतेच बोलत नाहीत, सामाजिक कामातही असतात. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात. 3 जानेवारीला तात्या फेटा बांधून पुढच्या रांगेत. एका वर्षी एका प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं, की जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं कुणाला, तर निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. माझे देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना मोकळं करतील, अशी आशाही त्यांनी तिथेच लिहून ठेवली. पहिलं वाक्य तात्यांना फार आवडलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी ते मोबाइल घेऊन मांडवाबाहेर गेले होते. तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमात तात्या "आपल्या जोतिबांनी अमेरिकेतल्या काळ्यांसाठी..." अशी सुरुवात करतात. गाडी अमेरिकेतून परत काही येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा तात्यांनी जाहीर स्वागत केलं. गॅसवाल्या पोराला पत्ता सांगताना नवं नाव त्यांना आठवत नाही, जुनं मात्र खड्या आवाजात आठवतं.

आता तात्यांचं खरं दुखणं. त्यांना वाटतं, आपल्यावर अन्याय होतोय. हायवेलगतच्या चायनीजच्या गाडीवर एक मणिपुरी मुलगा आहे. तात्या त्याला 'ए चिंकी' अशी हाक मारतात. त्यांच्याच नातीनं एकदा सांगितलं, "आजोबा, 2012 सालीच गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलंय. ईशान्येकडच्या आदिवासी माणसाला असं हिणवलं तर ॲट्रॉसिटी लागू शकते, तुरुंग होऊ शकतो." तात्या गप्प झाले. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हंजी आता बोलायचंच न्हाय का? तोंड शिवून बसू? सगळ्यांच्या भावना हायत, आमच्याच तेवढ्या न्हायत?"

नात म्हणाली, "तुम्हाला कोण काय म्हणतं?"

प्रश्न बिनतोड होता. तात्यांना कुणी काही म्हणतच नाही. म्हणून मेलबर्नहून, सिडनीहून, लंडनहून अपमान मागवावे लागतात.

अपमान देशातूनही मिळतो कधीकधी. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना केवळ मराठी म्हणून ऑफिसला जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला. तात्यांनी तो सगळ्या गावाला पाठवला. "आपल्याच राज्यात आपल्याला जागा न्हाय!" खरंच संताप येण्यासारखं होतं, मलाही आला. त्याच आठवड्यात पशुवैद्यकीयला शिकणारा नांदेडकडचा एक विद्यार्थी खोली विचारून गेला. मराठी होता, महाराष्ट्रातलाच होता, आडनावही स्पष्ट होतं. खोली कालच गेली होती.

आता पुतण्याचं बरं चाललंय. मेलबर्नमध्ये त्याची दोन घरं आहेत. दुसरं भाड्यानं द्यायचं म्हणून त्यानं जाहिरात टाकली, 'फक्त शाकाहारी महाराष्ट्रीय कुटुंबासाठी'. कुणीतरी तक्रार केली. व्हिक्टोरिया राज्यात 2010 चा समान संधी कायदा आहे, वंश किंवा मूळ पाहून घर नाकारता येत नाही. एजंटानं समज दिली, जाहिरात काढावी लागली. पुतण्यानं फोनवर हे सांगितलं आणि तात्यांनी कप बशीत आपटला.

"आपल्या घरात भाडेकरू कोन ठेवायचा, ह्ये बी गोऱ्यानं सांगायचं? ह्योच तर वर्णद्वेष!"

इकडे तात्यांना अशी समज द्यायला कुणी येत नाही. राज्यघटनेचं पंधरावं कलम सरकारला आणि दुकानं, हॉटेलं, पाणवठे अशा सार्वजनिक जागांना बांधतं. खासगी घरमालकानं जात-धर्म विचारून खोली नाकारली, तर त्याला नेमकं तेवढ्यासाठी अडवणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. तात्यांच्या चाळीत सध्या चार खोल्या रिकाम्या आहेत.