दाजींची पेटी

इतर जावई सासुरवाडीला येताना मिठाईचा पुडा आणतात, आमचे दाजी लोखंडी पेटी आणतात. कराडला रिक्षातून उतरताना आधी पेटीचा खडखडाट ऐकू येतो, मग दाजी दिसतात. पेटीत पक्कड, टेस्टर, दोन डिसमिस, दहा-अकराचा पाना, टेफ्लॉन टेप, दगड झालेलं एम-सील आणि आमच्याच थोरल्या काकांची कानस. कानशीचा विषय काढायचा नसतो.

नोकरी बँकेत, तीही कॅश काउंटरवर. पण नोटा मोजून हाताचं समाधान होत नसावं. उंबऱ्यात पायावर पाणी घेता घेताच विचारतात, ‘‘काय बिघडलंय?’’ काही नाही म्हटलं की चेहरा पडतो. म्हणून आई त्यांच्यासाठी एखादी गळती राखून ठेवते. जावयाचा मान आहे शेवटी.

2023च्या अधिक श्रावणात त्यांना रीतसर वाण दिलं. 33 अनारसे, चांदीचं निरांजन, नवा शर्ट. दाजी पाटावर, अनारसा हातात, नजर छताकडे. पंखा रेंगाळत फिरत होता. ‘‘कंडेन्सर गेलाय. अडीचचा बसेल.’’ तो पेटीत होताच. आई ‘‘अहो, आधी जेवून तरी घ्या’’ म्हणेपर्यंत ते नव्या शर्टानिशी स्टुलावर. अंधारात मी टॉर्च धरला, ताईनं स्टूल धरलं आणि काकांनी मेन स्विच बंद असल्याची तीनदा ग्वाही दिली. पंखा सुरू झाला, झोकात सुरू झाला, फक्त उलटा. सगळा वारा छताला. दाजींनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सध्या पावसाळाच आहे. उन्हाळ्यात वायरी बदलू.’’

अशा खुणा त्यांनी सगळ्या गोतावळ्यात ठेवल्यात. मावशीकडे बेलचं बटण दाबलं की बाथरूमचा दिवा लागतो. मामांच्या न्हाणीत गरम पाण्याचा नळ उलटा फिरवायचा, हे नव्या सुनेला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं जातं. भावकीत बांधावरून बोलणं बंद आहे, पण दाजींची शिडी दोन्ही घरांत जाते. तिला कोर्टाची तारीख आड येत नाही.

खरी पंचाईत प्लंबरची. दाजींना कळलं तर अपमान, म्हणून त्याला दुपारी, मागच्या दारानं बोलवायचं. तो नळ उघडतो, दोऱ्याचे सात वेढे उलगडतो आणि विचारतो, ‘‘याला आधी कुणी हात लावलाय?’’ सगळे भिंतीकडे बघतात.

ही युक्ती आम्हाला ताईनंच शिकवली. दाजी पेटी घेऊन इकडे निघाले की तिकडे ती कारागीर बोलावते. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिपकलेला नाही. दाजींना वाटतं, ही आपण घातलेल्या वायसरची करामत. हल्ली ते तसलीच वायसरं डझनानं आणून नातेवाइकांना वाटतात.