लोअरमध्ये टाक ना भो!

जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदेक किलोमीटरचे. मधल्या महामार्गाचे चौपदरीकरण किती वर्षे रेंगाळले ते खानदेशात कुणाला सांगायला नको, तरी गाडी दोन तासांत पोचते. ई-मेल दोन सेकंदांत पोचतो. पोचत नाही ते ड्रॉइंग. जळगावच्या आर्किटेक्टने प्लॅन पाठवायचा, धुळ्याच्या आरसीसी कन्सल्टंटने फाइलवर दोनदा क्लिक करायचे, आणि पडद्यावर पाटी यायची की ही फाइल नव्या व्हर्जनमध्ये बनली आहे, इथे उघडणार नाही. मग फोन: ‘लोअरमध्ये टाक ना भो!’ इथल्या बांधकाम धंद्यात ‘पेमेंट कधी?’ याच्या खालोखाल हेच वाक्य बोलले जात असावे. पलीकडचा ‘टाकतो’ म्हणतो आणि जेवायला जातो. जुन्याने विनवायचे आणि नव्याने सवडीने उपकार करायचे, ही रीत सगळ्यांनी इतकी मान्य केली आहे की ती उलटी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वाकायचे तर नव्याने वाकावे. तो आपणहून वाकत नसेल, तर ज्यांच्या शिक्क्याशिवाय प्लॅन हलत नाही त्यांनी त्याला वाकवावे.

ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर ऑटोकॅड बाजारात आले 1982 साली आणि त्याच्या डीडब्ल्यूजी फाइलने जगातली बहुतेक ड्रॉइंग ऑफिसे व्यापली. यातली कुठलीही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सगळी गिचमिड दिसेल, पण पहिली सहा अक्षरे स्वच्छ वाचता येतात. तिथे एसी1015 असेल तर फॉरमॅट 2000 चा, 1018 असेल तर 2004 चा. पुढे 1021, 1024 आणि 1027 म्हणजे अनुक्रमे 2007, 2010 आणि 2013, आणि 1032 म्हणजे 2018. प्रोग्राम आधी हा आकडा बघतो. तो आपल्या ओळखीच्या आकड्याहून मोठा निघाला की पुढची एक रेघसुद्धा वाचत नाही, मग आत एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडचा साधा चौकोन का असेना. 2004 ते 2013 या काळात हा फॉरमॅट नेमाने दर तीन वर्षांनी बदलला. आपल्याकडे साधारण तेवढ्याच अंतराने धोंड्याचा महिना येतो आणि जावयाला वाण द्यावे लागते. इथे सगळी आर्किटेक्ट जमात सासरवाडी आणि ऑटोकॅड बनवणारी कॅलिफोर्नियातली कंपनी एकटी जावई.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रगतीचा. नव्या सोयी जुन्या फॉरमॅटमध्ये मावत नाहीत, म्हणून तो बदलावा लागतो, असे सांगतात. ऐकायला बरे वाटते. पण 2018 चा फॉरमॅट 2025 च्या व्हर्जनपर्यंत तसाच राहिला. आठ व्हर्जने आली, प्रत्येकाच्या जाहिरातीत क्रांती होती, आणि फाइल तीच. या आठ व्हर्जनांत प्रगती झाली नसेल तर जाहिराती खोट्या, आणि झाली असेल तर आधीच्या बदलांची सबब लंगडी. 2013 आणि 2018 या फॉरमॅटांच्या मधल्या काळातला एक योगायोग नोंदवून ठेवावा: 2016 साली कंपनीने कायमचे नवे परवाने विकणे बंद करून भाडे सुरू केले. दरसाल भाडे भरणाऱ्याला नवे व्हर्जन आपोआप मिळते, त्यामुळे त्याला नवे घ्यायला लावण्यासाठी कुलूप बदलत बसायची गरज उरत नाही. आम्ही यातून काही सुचवत नाही. सुचलेच तर ते वाचकाचे.

त्याच कंपनीच्या रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये तर उपकाराचीही सोय ठेवलेली नाही. 2024 ची फाइल 2025 मध्ये उघडून सेव्ह केली की ती पुन्हा 2024 कडे फिरकत नाही. एका ऑफिसातल्या एका उत्साही मुलाने सेव्ह दाबले, की स्ट्रक्चरल, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकल या तिन्ही कन्सल्टंटांनी नवे व्हर्जन घ्यायचे, नाही तर त्या मुलासाठी बॅकअप शोधायचा. जुलै 2020 मध्ये ब्रिटनमधल्या नामवंत आर्किटेक्ट फर्मांनी कंपनीला जाहीर पत्र लिहून कुरकुर केली की खर्च वाढतो आहे आणि रेव्हिट मात्र सुधारत नाही. त्यांत झाहा हदीद यांचे ऑफिसही होते. ज्यांचे पत्र लंडनहून जाते त्यांची ही कथा. जळगावच्या नवी पेठेतल्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसने पत्र लिहिले, तर ते कुठल्या व्हर्जनमध्ये लिहावे इथूनच सुरुवात.

हे छोट्या गावातल्या छोट्या माणसांचे दुखणे आहे, असे मोठ्या शहरांतल्यांना वाटते. एअरबसलाही तसेच वाटले असावे. त्यांच्या ए380 विमानाचे काम जर्मनी आणि स्पेनमध्ये कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या चौथ्या व्हर्जनवर, तर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पाचव्यावर चालले होते. पाचशेहून अधिक किलोमीटर वायरिंग असलेल्या त्या विमानाच्या वायरी जोडायला घेतल्या, तर त्या जागेवर बसेनात. विमान जवळपास दोन वर्षे रखडले आणि नफ्याला अब्जावधी युरोंची खोट बसली. हँबर्गहून टूलूजला वेळीच ‘लोअरमध्ये टाक ना भो’ असा फोन करणारा कुणी खानदेशी त्यांच्याकडे नव्हता.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो, पण येतोच. जुने व्हर्जन वापरणारे बहुतेक चोरीची कॉपी वापरतात, त्यांचा कळवळा कशाला? चोरीचे समर्थन इथे नाही. पण फॉरमॅट बदलण्याचे हे हत्यार चोराला लागतच नाही, कारण त्याला नवे व्हर्जनही जुन्याच भावात मिळते. अडकतो तो 2010 साली पदरमोड करून रीतसर कायमचा परवाना घेतलेला माणूस. त्याने पावती जपून ठेवली, हाच त्याचा गुन्हा. यावर कोणी म्हणेल की कंपनीचा फुकट व्ह्यूअर आहे आणि तो फाइल जुन्या व्हर्जनमध्ये बदलूनही देतो. देतो, हे खरे. पण तो नव्या विंडोजवर चालतो, आणि जुने व्हर्जन ज्या काँप्युटरवर टिकून आहे तो काँप्युटरही बहुधा त्याच वयाचा असतो. तरीही फाइल उघडली, तर मराठी फाँट नसल्याने देवघराच्या जागी चौकोन आणि न्हाणीघराच्या जागी प्रश्नचिन्हे. वास्तुशास्त्रवाल्यांनी याचा अर्थ अजून लावलेला नाही, ही कृपाच.

आता शिक्केवाल्यांकडे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 सालच्या. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली, मुंबईसारखे अपवाद सोडून बहुतेक शहरांना एफएसआय आणि मार्जिन यांचे एकच व्याकरण दिले. परवानगी ऑनलाइन झाली. तिथे ड्रॉइंगमधली भिंत, जिना, मार्जिन ठरलेल्या लेयरवर नसेल तर प्रस्ताव परत येतो. म्हणजे लेयरचे नाव काय असावे हे सरकारला ठरवता येते. मग फॉरमॅट कुठला आणि तो किती वर्षे धरायचा, हे का ठरवता येऊ नये? त्याच सरकारच्या महानगरपालिका अधिनियमातले कलम 265अ सांगते की तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचना तपासून घ्यावी. आज मंजूर झालेल्या प्लॅनची पाळी 2050 नंतर येईल. त्या दिवशी इंजिनिअर मूळ ड्रॉइंग मागेल, तेव्हा ते उघडण्याचा हक्क कुणाच्या तरी भाड्याच्या पावतीवर अवलंबून असेल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांपूर्वीचे मोडी कागद आहेत आणि ते आजही वाचले जातात. मोडीही शिकावी लागते, ती काही आपोआप उघडत नाही, हे कबूल. पण ती शिकायला कुणाचे वार्षिक भाडे भरावे लागत नाही, आणि लिहिणाऱ्याचे दप्तर बुडाले म्हणून कागद बंद पडत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. मंजुरीसोबत डीडब्ल्यूजी ठरवून दिलेल्या जुन्या फॉरमॅटमध्येच घ्यावी. तिच्या जोडीला दीर्घकाळ जपणुकीसाठी बनलेले पीडीएफ-ए घ्यावे, जे 2005 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आणि त्रिमितीय मॉडेल असेल तर कुठल्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला आयएफसी फॉरमॅट. कागदी नकाशाही दप्तरात राहू द्यावा, वाळवी निदान व्हर्जन विचारत नाही. आर्किटेक्ट म्हणतील, हे जादा काम कोण करणार? ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ नावाचे पान आहे. तिथे जुना फॉरमॅट एकदा निवडून ठेवला की पुढची प्रत्येक फाइल आपोआप त्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह होते. कामाला अर्धा मिनिट लागतो. आजवर ते कुणाला सापडले नाही, कारण न सापडल्याचा त्रास नेहमी फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो. महापालिकेने एकदा प्रस्ताव परत पाठवला, की हे पान सापडायला संध्याकाळ होणार नाही.