अभ्यासाच्या नावाने

दर सहा-सात वर्षांनी जपानातील किंवा अमेरिकेतील एखादी कंपनी दूरदर्शन-संचाला जोडून खेळावयाचे नवे यंत्र, म्हणजेच कन्सोल, बाजारात आणते, आणि त्याबरोबर ‘आता संगणकावरच्या खेळांचे दिवस भरले’ ही जुनीच भविष्यवाणी जाणकार मंडळी नव्या उत्साहाने वर्तवू लागतात. सोनीच्या प्लेस्टेशनची दुसरी आवृत्ती २००० साली आली आणि पाचवी २०२० साली. या वीस वर्षांत भविष्य सांगणारांचे केस पांढरे झाले, पण ज्याच्या तेराव्याची तयारी त्यांनी चालविली होती तो संगणक अद्यापि पंगतीत बसून जेवतो आहे.

या वादाचा निवाडा करावयास नवी दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गाइतकी सोयीची जागा दुसरी नसावी. जुनी मंडळी ज्यास अजून कर्झन रोड म्हणतात त्या या रस्त्यावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे, आणि मंत्रालयांतून अडकलेल्या फायली सोडविण्यासाठी दिल्लीस आलेला महाराष्ट्र तेथे मुक्काम करतो. तर रस्त्याचे उत्तर टोक जेथे संपते त्या कॅनॉट प्लेसच्या पोटात पालिका बाजार नावाची भुयारी पेठ आहे, जी खेळांच्या यंत्रांसाठी नामांकित आहेच, शिवाय अमेरिकी सरकारच्या व्यापार प्रतिनिधींनी नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांची २०२१ सालची यादी केली तेव्हा आपल्या मुंबईच्या हीरा पन्नाबरोबर हिलाही तीत मानाचे पान दिले. सदनातून निघालेला मराठी बाप आणि पालिका बाजारातील कन्सोल यांच्यामध्ये, थोडक्यात, एका सायंकालीन फेरफटक्याचे अंतर आहे. प्रश्न एवढाच, की ते अंतर तोडूनही बाप कन्सोल का घेत नाही?

असेच एक गृहस्थ, काखेत फाइल व शेजारी दहावीत गेलेले चिरंजीव अशा थाटात, तेथील एका काचेच्या कपाटापुढे उभे असलेले आम्ही पाहिले. दुकानदाराने खोक्यावरची धूळ बाहीने पुसून ‘अंकल, एकदम ओरिजिनल पीस’ अशी ग्वाही दिली. गृहस्थांनी खोके उलटेसुलटे करून पाहिले, आणि मग आपल्या ठेवणीतल्या हिंदीत विचारले, ‘‘इसमें अभ्यास का कुछ होता है क्या?’’ दुकानदार प्रसन्न होऊन म्हणाला, ‘‘क्यों नहीं जी! जितना अभ्यास करेगा, उतना अच्छा खेलेगा.’’ गृहस्थांनी खोके परत ठेवले. ‘‘त्यापेक्षा लॅपटॉप घेऊ,’’ ते म्हणाले. आणि चिरंजीवांनी, चेहऱ्यावरची रेषाही न हलविता, उत्तर दिले, ‘‘चालेल बाबा. फक्त ग्राफिक्स कार्डवाला घेऊ, प्रोजेक्टला लागतं.’’

या संवादात संपूर्ण वादाचा फैसला आहे, हे तज्ज्ञांच्या ध्यानात येत नाही, कारण तज्ज्ञ यंत्राच्या पोटात पाहतात. तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ साली आपला पहिला एक्सबॉक्स काढला तेव्हा त्यात इंटेलचा पेंटियम वंशाचाच प्रोसेसर होता, आणि आजचा प्लेस्टेशन व आजचा एक्सबॉक्स हे दोघे एएमडी या एकाच कंपनीच्या चिपा पोटात घेऊन एकमेकांवर गुरगुरत असतात, ज्या कंपनीच्या चिपा आपल्या घरच्या संगणकातही सुखाने नांदतात. सोनीने तर ‘गॉड ऑफ वॉर’सारखा घरचा मानकरी खेळ २०२२ च्या जानेवारीत प्रतिपक्षाच्या वाड्यात, म्हणजे संगणकावर, स्वतःच्या हाताने पोहोचता केला. हे युद्ध नव्हे. ही वाटणीपत्र झालेल्या सख्ख्या भावांची कुरबुर आहे.

मग फरक कोठे आहे? तो विज्ञानात नसून दफ्तरात आहे. जगभरच्या जकात खात्यांनी मालाची जी वर्गवारी सर्वमान्य केली आहे तीत संगणक ८४७१ या क्रमांकाखाली, माहितीवर संस्कार करणारे स्वयंचलित यंत्र अशा भारदस्त बिरुदाने मिरवतो. आणि कन्सोल ९५०४ या क्रमांकाखाली, बिलियर्डचे टेबल, जुगारगृहातील सामग्री आणि पत्त्यांचा जोड यांच्या संगतीत बसविलेला आहे. आपल्याकडे २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा संगणकावर १८ टक्के आणि कन्सोलवर २८ टक्के आकारणी ठरली, ती याच न्यायाने. पुढे २२ डिसेंबर २०१८ रोजी याच दिल्लीत भरलेल्या परिषदेने ती १८ वर आणून दोघांस एका पातळीवर बसविले खरे, परंतु कराचा दर उतरला म्हणून कुळाची अपकीर्ती उतरत नाही. प्लेस्टेशन ५ हिंदुस्थानात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तो ४९,९९० रुपयांस. तेवढ्याच ताकदीचा संगणक जुळवावयास तेव्हा याहून पुष्कळ अधिक रक्कम लागत असे. तरीही काटकसरीत हयात घालविलेल्या बापाने अधिक रक्कम मोजली, कारण ८४७१ वर केलेला खर्च ही गुंतवणूक असते आणि ९५०४ वर केलेला खर्च हे व्यसन.

कन्सोलवाल्यांस हे वर्म कळले नव्हते असे नाही. निन्टेंडोने १९८३ साली आपल्या यंत्राचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ठेवले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यास कळफलक व बेसिक भाषेची जोड देऊन सोवळे नेसविले. सोनीने युरोपात प्लेस्टेशन २ बरोबर संगणकाची आज्ञावली लिहिण्याची एक चिमुकली भाषा तबकडीत घालून दिली, आमचे यंत्र खेळणे नसून संगणक आहे असा दावा जकातीपुढे मांडला, आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाकडून २००३ साली प्रतिकूल वर्गीकरणाचा नियम रद्दही करून घेतला. त्या भाषेत किती युरोपीय बालकांनी विद्या संपादिली हा प्रश्न न्यायालयाने विचारला नाही, हे सर्वांच्याच सोयीचे झाले. चीनने याहून सरळ मार्ग पत्करला: बालकांच्या कल्याणार्थ २००० सालापासून कन्सोलची विक्री बंद ठेवली, ती थेट २०१४ पर्यंत, आणि त्या अवधीत ती बालके संगणक-कॅफेत अहोरात्र बसून संगणकाचा परिचय करून घेत राहिली.

याच्या उलट संगणकाचे चातुर्य पाहा. १९९० साली विंडोजने पत्त्यांचा सॉलिटेअर कचेरीकचेरीत पाठविला तो माउस कसा ओढावा याचे शिक्षण म्हणून. जे पत्ते खोक्यात असता ९५०४ ठरतात तेच पडद्यावर येताच कार्यालयीन सामग्री ठरले, आणि जिल्हा कचेरीतील टेबलांवर दुपारच्या प्रहरी त्यांचे निष्ठेने पारायण होऊ लागले. पुढे महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचे युग आले, संगणक नसलेले घर म्हणजे भवितव्य नसलेले घर असे ठरले, आणि देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असलेल्या त्या यंत्रावर, प्लॅस्टिकचे आवरण अर्धवट दूर सारून, एका पिढीने प्रथम गाड्या पळविल्या व मग बंदुका झाडल्या. आईने डोकावताच खिडकी बदलण्याचे जे करलाघव त्या पिढीने साधले, तेच तिचे खरे संगणक-शिक्षण होय.

तरीही गाफील राहण्यात अर्थ नाही. कारण सोंगाच्या कलेत संगणकावरही मात करणारा अवतरला असून तो प्रत्येकाच्या खिशात आहे. भ्रमणध्वनी हा अभ्यासाचाच नव्हे, तर कर्तव्याचाही वेष घेऊ शकतो. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या भ्रमणध्वनीवर रमीचा डाव दिसणारी चित्रफीत प्रसृत झाली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला तो डाव दूर सारत होतो, असा खुलासा त्यांनी केला, आणि तो नाकारण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु सभागृहात कोणी कन्सोल मांडून बसला असता तर खुलाशाला जागाच उरली नसती, हे कोणीही कबूल करील. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते काढून घेण्यात आले आणि क्रीडा खाते देण्यात आले. प्रशासनास विनोदबुद्धी नसते असे म्हणणारांनी हा हुकूम अवश्य संग्रही ठेवावा.

सारांश, कन्सोल मागे पडतो तो दुबळा आहे म्हणून नव्हे, प्रामाणिक आहे म्हणून. तो घरात शिरतो तोच ‘मी खेळावयास आलो आहे’ असे सांगत. आणि ज्या समाजात रविवारची झोपदेखील ‘जरा पाठ टेकतो’ या सबबीखाली घ्यावी लागते, त्या समाजात अशा स्पष्टवक्त्यास पाट कोण मांडणार? तेव्हा निर्मात्यांस आमची एकच सूचना आहे: वेग, चित्रांची सुबकता वगैरे गोष्टींवर द्रव्य न दवडता त्यांनी खोक्यावर ‘स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त’ एवढी एक ओळ छापावी, आत एक कळफलक व सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची एक तबकडी ठेवावी, आणि विजयाची निश्चिती मानावी. एक अडचण मात्र राहील. अशा यंत्रास जकात खाते ८४७१ खाली दाखल करील, म्हणजे जिंकलेला कन्सोल जिंकण्याच्या क्षणीच संगणक झालेला असेल, आणि विजयाची नोंद कोणाच्या नावे करावी हे ठरविण्यासाठी सरकारास एक समिती नेमावी लागेल. तिच्या सदस्यांस, कामकाजाच्या सोयीसाठी, लॅपटॉप मंजूर करणे ओघानेच येईल. ते ग्राफिक्स कार्डासह असावेत, अशी शिफारस समितीच्या पहिल्या बैठकीत एकमताने संमत होईल.