क्लेमकाका

क्लेमकाका प्रत्येक सोसायटीत एकच असतात. दोन झाले तर त्यातला एक फ्लॅट विकून जातो. आमचे बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त, कोथरूडात स्वतःचं घर, मुलगी अमेरिकेत, आणि 1988 पासून एकदाही खंड न पडलेली मेडिक्लेम पॉलिसी. मेडिक्लेम आपल्याकडे आला 1986 साली. मधली दोन वर्षं काय करत होतात असं विचारलं, तर काका म्हणतात, "निरीक्षण."

या जातीचा माणूस ओळखणं सोपं असतं. तुम्ही आजारी पडलात की बाकीचे लोक विचारतात, आता कसं वाटतंय. क्लेमकाका विचारतात, "ॲडमिट किती वाजता झालात?" चोवीस तास भरले नाहीत असं कळलं की त्यांचा चेहरा पडतो. सी विंगमधल्या एका गृहस्थांना कुत्रं चावलं. ते बिचारे इंजेक्शन घेऊन तासाभरात घरी आले. काका त्यांना भेटून आले आणि जिन्यात मला म्हणाले, "कमाल आहे. नुसती रात्र काढली असती तर कुत्रं कॅशलेस झालं असतं."

त्यांच्याकडे निळी बॉक्स फाईल आहे. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, पॉलिसीच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या. हेल्पलाइनला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, आपलं शुभनाव?" नाव आणि वेळ वहीत उतरवल्याशिवाय ते आजाराचं नाव काढत नाहीत. फक्त एक दुःख आहे. काकांची प्रकृती ठणठणीत. एवढ्या वर्षांत क्लेम म्हणजे एक मोतीबिंदू, तोही एकाच डोळ्याचा. दरवर्षी प्रीमियम वाढतो, आणि काका निरोगी राहून कंपनीचा फायदा करून देतात. ही बोच त्यांना झोपू देत नाही, असं मी लिहिलं असतं. पण काका झोपतात. हवे तेव्हा आणि नको तिथे झोपतात. बालगंधर्वला तिसऱ्या रांगेत झोपतात, कर्वे रस्त्याच्या सिग्नलला झोपतात, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या खुर्चीत बसून झोपतात. त्यामुळे आमच्या सभा वेळेत संपत आल्या आहेत.

रात्रीचं वेगळं. रात्री ते घोरतात. काकांच्या मते ते घोरत नाहीत, "जरा मोकळा श्वास" घेतात. काकूंनी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं, तेव्हा हा आवाज वरच्या मजल्यावरचा असू शकतो असा मुद्दा त्यांनी काढला. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजापेक्षा मधली शांतता जास्त घाबरवणारी होती. घोरणं एकदम बंद, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि मग गुदमरून एक हिसका. घशाचे स्नायू झोपेत सैल पडतात, वाट बंद होते, श्वास अडतो. मेंदू दचकून जागा होतो आणि वाट उघडतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. स्लीप ॲप्निया म्हणतात तो हाच. 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. काकूंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. ते त्यांनी काकांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

काका घाबरले. पण दोन मिनिटंच. मग त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक आली. "म्हणजे," ते म्हणाले, "क्लेम."

डॉक्टरांकडे पहिलाच घोटाळा काकूंनी केला. किती दिवसांपासून घोरतात, या प्रश्नाला त्यांनी मनापासून उत्तर दिलं, "लग्नापासून." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. लग्न पॉलिसीच्या आधीचं. काकांना भर दवाखान्यात घाम फुटला. आजार पॉलिसीच्या आधीपासून होता असं ठरलं तर? ते डॉक्टरांना 'लग्नापासून' खोडायला सांगत होते, आणि काकू खोडू देत नव्हत्या. खरं तर काळजीचं कारण नव्हतं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की जुना आजार लपवला, या सबबीवर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. 2024 च्या आधी ही मुदत आठ वर्षं होती. काकांना हे नियमाच्या क्रमांकासकट पाठ आहे, पण बायकोने दिलेल्या साक्षीपुढे माणसाचं पाठांतर टिकत नाही.

मग स्लीप स्टडी. रात्री नऊला उशी घेऊन हॉस्पिटलात जायचं, डोक्याला, हनुवटीला, छातीला तारा आणि पट्टे, बोटाला चिमटा, आणि अशा अवस्थेत नेहमीसारखं झोपायचं. काका नेहमीसारखे झोपले. सकाळी सहाला टेक्निशियनने उठवलं, तेव्हा काका म्हणाले, "रात्री नऊपर्यंत राहतो की. झोपतोसुद्धा, पाहिजे तर." चोवीस तास भरायला पंधरा तास कमी पडत होते. टेक्निशियनला पुढच्या पेशंटसाठी तारा हव्या होत्या.

रिपोर्ट आला: तासाला 38 वेळा श्वास अडतो. पाचपर्यंत ठीक, तीसच्या वर गंभीर. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. रात्रीचे आठ तास धरले तर तीनशेच्या वर. "तीनशे वेळा मरून उठणाऱ्या माणसाला कंपनी नाही म्हणेल?"

कंपनी नाही म्हणाली. कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएचं पत्र दोन ओळींचं होतं. केवळ तपासणीसाठी केलेली भरती देय नाही. आणि मूळ भरतीच देय नाही म्हटल्यावर 'भरतीनंतरचा खर्च' म्हणून मशीनचं बिल लावायचा काकांचा दुसरा डावही जागीच संपला.

मशीन म्हणजे सीपॅप. उशाशी एक लहान डबा, नळी, नाकावर मास्क; हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी 1981 साली हा उपाय प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फिरवली होती. हे कळल्यावर काकूंनी माळ्यावरचा जुना क्लीनर आठवून पाहिला. पण काकांना साधं मशीन नकोच होतं. त्यांना ऑटो हवं होतं, रात्रभर स्वतःच दाब कमीजास्त करणारं, नळी गरम ठेवणारं, आणि तेही एका ठरावीक मॉडेलचं. कारण तसं अमेरिकेत, एडिसन गावी राहणाऱ्या व्याह्यांकडे आहे.

व्याही न्यू जर्सीत आयुष्य काढलेले, मेडिकेअरवाले. त्यांचं मशीन सरकारी विम्यातून आलं, आणि ही गोष्ट ते दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, मास्क कॅमेऱ्यासमोर धरून सांगतात. दर तीन महिन्यांनी नवा मास्क मिळतो. शिवाय त्यांनी एक युक्ती सांगितली. तिकडे साध्या मशीनला आणि ऑटोला बिलाचा कोड एकच, विम्याकडून पैसेही तेवढेच. त्यामुळे दुकानदार स्वस्तातलं गळ्यात मारायला बघतो. म्हणून डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर मॉडेलचं नावच लिहून घ्यायचं. काकांनी दुसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांकडून मॉडेलचं नाव लिहून घेतलं. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कंपनीने स्वस्तातलं देऊ नये म्हणून." कंपनी कुठलंच देणार नव्हती, पण दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

व्याह्यांनी एक गोष्ट मात्र उशिरा सांगितली. तिथे मशीन पहिले तेरा महिने भाड्याने असतं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांपैकी सत्तर टक्के रात्री, रात्री किमान चार तास ते वापरलंय, हे दाखवावं लागतं. नाहीतर विमा हात काढून घेतो. आणि वापराची नोंद मशीनच परस्पर पाठवतं. काका बराच वेळ गप्प बसले. माणूस झोपला की नाही हे कंपनीला कळतं, आणि नाही झोपला तर मशीन जातं! त्या रविवारपासून व्याह्यांचा हेवा थोडा कमी झाला. ए विंगमधल्या निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याला सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून, ठरवून दिलेल्या मर्यादेत, मशीनचे पैसे मिळाले. त्यांचा हेवा मात्र कमी होण्यासारखा नव्हता. त्यांच्याशी काका बोलत नाहीत.

मग काकांनी पॉलिसी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. घरी वापरायच्या उपकरणांच्या अपवादात सीपॅपचं नाव चक्क छापलेलं होतं, व्हीलचेअरच्या शेजारी. शेवटी पैसे न मिळणाऱ्या 68 वस्तूंची यादी होती. ती काकांनी मला पार्किंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या क्रमांकावर बेबी फूड, तिसऱ्यावर सौंदर्यसेवा, पुढे मिनरल वॉटर, टीव्हीचे पैसे, शवागाराचे पैसे, आणि साठाव्या क्रमांकावर मास्क. अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर 'तपशील न दिलेलं कोणतंही किट'. दुकानदाराने कोटेशनवर काय लिहिलं होतं? 'स्लीप किट'. एवढ्या अचूकपणे चुकणारा माणूस काकांनी बँकेतही पाहिला नव्हता.

आणि मग सापडलं ते कलम. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळत नाहीत. पण बीएमआय चाळीस असेल तर मिळतात, आणि पस्तीस असून सोबत गंभीर स्लीप ॲप्निया असेल तरीही मिळतात. काका उभे राहिले. कंपनीला आजार मान्य आहे! फक्त मशीन मान्य नाही. त्यांचा बीएमआय एकतीस. हिशोब झाला: अकरा किलो वाढवले की कलमात बसतो. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी अकरा किलो तुपाने वाढवायचे, मग डॉक्टरांनी पोट कापून ते उतरवायचे, आणि मग तुम्ही घोरायचे बंद होणार. त्यापेक्षा आत्ताच भात कमी करा."

इथे मी काकांच्या बाजूचा आहे, आणि थट्टा बाजूला ठेवून आहे. ॲप्निया तसाच राहू दिला तर रक्तदाब चढा राहतो, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताची शक्यता वाढते. अँजिओप्लास्टी झाली की कंपनी लाखांत बिल भरेल, हूं की चूं न करता. ती वेळ येऊ नये म्हणून चाळीस-पन्नास हजारांचा डबा मागितला, की अपवाद क्रमांक अमुक. काही नव्या पॉलिसींत जादा प्रीमियम भरून अशा उपकरणांचं संरक्षण मिळतं, पण आजाराचं निदान आधी झालेलं असेल तर त्यालाही थांबावं लागतं. तोवर श्वासाने थांबायचं की माणसाने, हे कुठल्या कलमात नाही.

मशीन शेवटी काकूंच्या एफडीतून आलं. ऑटो, नळी गरम ठेवणारं, व्याह्यांच्याच मॉडेलचं. घर शांत झालं. सोसायटी झाली नाही. परवाच्या वार्षिक सभेत काका पहिल्यापासून शेवटपर्यंत टक्क जागे होते. त्यांनी ऑडिट रिपोर्टच्या पान सातवर लिफ्टच्या देखभालीत बाराशे रुपयांचा फरक काढला, पाण्याच्या टाकीची जुनी कोटेशनं मागितली, आणि सभा रात्री पावणेबाराला संपली. खजिनदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की ते मशीन परत करता येतं का.

क्लेम मात्र मिटलेला नाही. कंपनीच्या तक्रार विभागाने नाही म्हटलं, म्हणून काका आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेले आहेत. पॉलिसीत सीपॅपचं नाव छापलेलं असताना ते जिंकतील असं मला वाटत नाही, स्लीप स्टडीचे पैसे कदाचित भांडण्यासारखे आहेत. पण तुमच्याही कपाटात नकाराचं असं पत्र पडून असेल, तर कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जा. फी लागत नाही, आणि तिथे वकील चालत नाही. अडलंच तर आमच्या बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर या. काका हल्ली दुपारीही जागे असतात.